कॅम्पर ट्रेलर जोडून पहिल्यांदा आउटबॅकला निघताना

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधल्या, म्हणजे ओसाड अंतर्भागातल्या, ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्यावर कॉवर्ड स्प्रिंग्जच्या खजुरांखाली आम्ही पहिल्यांदा ट्रेलर उघडला, तेव्हा मेलबर्नपासून जवळजवळ दीड हजार किलोमीटर मागे पडले होते. वाटेत जे जे बिघडलं, त्या प्रत्येकाचं मूळ घरी होतं. सामान जास्त भरलं होतं, बेअरिंग तपासलं नव्हतं, टायरमधली हवा किती ठेवायची हे ठरवलं नव्हतं. म्हणून हा लेख निघण्याआधीच्या दोन महिन्यांवर जास्त बोलतो आणि रस्त्यावर थोडं कमी. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली, नुकती फोर-व्हील ड्राइव्ह घेतलेली आणि मुलं लहान आहेत तोवर हा देश आतून पाहू इच्छिणारी मराठी कुटुंबं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आधी भाड्याने घ्या

कॅम्पर ट्रेलर म्हणजे चाकांवरचा तंबू, स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी. सॉफ्ट फ्लोअर प्रकारात तंबू जमिनीवर पसरतो. तो हलका आणि स्वस्त, पण उभारायला वेळ लागतो. फॉरवर्ड फोल्डमध्ये ट्रेलरचं झाकणच उलटून जमीन बनतं. तो लवकर उभा राहतो, पण वजन वाढतं. हायब्रिड म्हणजे जवळपास छोटी कॅराव्हॅनच. कोणता घ्यावा हे दुकानात उभं राहून कळत नाही. चार रात्री भाड्याच्या ट्रेलरमध्ये काढा, त्यात एखादी पावसाची असली तर उत्तम. तंबू घडी करताना कोणाची पाठ धरते, रात्री मुलांना बाहेर जायचं झालं तर कोणाला ओलांडावं लागतं, हे तिथेच समजतं. भाड्याचा करार नीट वाचा, कच्च्या रस्त्यावर न्यायची मनाई पुष्कळदा त्यातच असते. आपल्या गाडीच्या विम्यात ट्रेलर, कच्चा रस्ता आणि अडकलेली गाडी ओढून आणण्याचा खर्च धरला आहे का, हेही आताच विचारा. आउटबॅकमधून गाडी ओढून आणायचं बिल हजारो डॉलरचं होतं.

वजनाचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळं यावर उभं आहे.

गाडीच्या जाहिरातीत ‘३,५०० किलो ओढते’ असं लिहिलेलं असतं आणि आपण तिथेच थांबतो. खरे आकडे चार. टेअर म्हणजे ट्रेलरचं रिकामं वजन. एटीएम म्हणजे सामानासकट ट्रेलरचं कमाल परवानगी असलेलं वजन. जीव्हीएम म्हणजे माणसं, डिझेल आणि सामान धरून गाडीचं कमाल वजन. जीसीएम म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन. यातली एकही कमाल मर्यादा ओलांडली तर गाडी बेकायदा ठरते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तोच आकडा समोर ठेवते.

नवखे लोक बहुतेक वेळा जीव्हीएमवर अडकतात, कारण ट्रेलर जो भार टो बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर, टाकतो तो गाडीच्या खात्यात मोजला जातो. समजा गाडीचं जीव्हीएम ३,००० किलो आणि टाकी भरून रिकाम्या गाडीचं वजन २,२००. हातात उरले ८००. घरची चार माणसं २६०, बुलबार (गाडीपुढची संरक्षक चौकट) आणि दुसरी बॅटरी ९०, रूफ रॅक आणि त्यावरचं सामान ८०, फ्रिज आणि ड्रॉवर १२०, अवजारं आणि गाडी काढायचं साहित्य ६०, ट्रेलरचा बॉलवरचा भार १४०. झाले ७५०. उरलेल्या पन्नास किलोंत कपडे, जादा पाणी आणि खाणं बसवायचं आहे. आम्ही पहिल्या वेळी हे गणित केलं नव्हतं. विक्रेत्याने सांगितलेला आकडा रिकाम्या ट्रेलरचा होता. सार्वजनिक वजनकाट्यावर गेलो तेव्हा आम्ही पावणेदोनशे किलो जास्त होतो. घरी परत येऊन निम्मं सामान उतरवलं, आणि प्रवासभर त्यातल्या एकाही वस्तूची आठवण आली नाही.

तेव्हा सगळं भरून, सगळ्यांना बसवून, पाण्याच्या टाक्या भरून वजनकाट्यावर जा. गाडी वेगळी, ट्रेलर वेगळा आणि दोन्ही जोडून, अशी तीन वजनं करा.

आता तोल. ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसतं. ट्रेलरचंही तसंच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार टो बॉलवर यावा. त्याहून बराच कमी असेल तर ट्रेलर उलाळ आहे, आणि उलाळ ट्रेलर शंभरच्या वेगाला शेपटी हलवू लागतो. जड वस्तू आसाच्या बरोबर वर, ट्रेलरच्या तळाशी ठेवा. दोन स्पेअर टायर आणि जेरीकॅन ट्रेलरच्या पार मागच्या टोकाला टांगणं हा नेहमीचा घोटाळा. पाण्याची टाकी आसाच्या पुढे आहे की मागे, हेही पाहून ठेवा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ती रिकामी होत गेली की तोल बदलतो.

ब्रेक, कपलिंग, चेन

ट्रेलरच्या चाकांवरचा भार ७५० किलोपर्यंत असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. त्यापुढे २,००० किलोपर्यंत किमान एका आसाच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत. २,०००च्या वर सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही हवी. आउटबॅकला जायचं तर इलेक्ट्रिक ब्रेक घ्या आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवून घ्या. कंट्रोलर लावून घेणं वेगळं, जुळवणं वेगळं. मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबा. ट्रेलर मागून ठामपणे धरल्यासारखा वाटला पाहिजे, पण चाकं घसरता कामा नयेत. खडीवर गेलात की कंट्रोलरची पातळी कमी करा, नाहीतर चाकं जाम होऊन घसरतात.

याच कंट्रोलरचा दुसरा उपयोग पाठ करून ठेवा. ट्रेलर डोलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही आणि स्टिअरिंगने त्याचा पाठलाग करायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावायचा.

साधा ५० मिलिमीटरचा बॉल डांबरी रस्त्याला ठीक आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी आणि ट्रेलर वेगवेगळ्या कोनांत वळतात. त्यासाठी सगळ्या दिशांना फिरणारं ऑफ-रोड कपलिंग घ्या, डीओ-३५ किंवा मॅकहिच या धर्तीचं.

जोडण्याचा क्रम आमच्या घरी ठरलेला आहे आणि कोणी मध्ये बोलत नाही. कपलिंग बसवून पिन लावणं, चेन एकमेकींवरून फुलीसारख्या ओलांडून शॅकल घट्ट करणं, ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल, दिव्यांचा प्लग, बॅटरी चार्ज करणारा अँडरसन प्लग, जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढच्या टोकाला टेकू देणारं छोटं चाक) काढून ठेवणं, हँडब्रेक सोडणं. मग एक जण गाडीत बसून इंडिकेटर आणि ब्रेक लावतो, दुसरा मागे उभा राहून दिवे पाहतो. जॉकी व्हील खालीच राहिलं तर पहिल्याच खड्ड्यात जातं. शेवटी दुसऱ्याने सगळं पुन्हा हात लावून पाहायचं. नजरेने नव्हे, हाताने.

रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये

रिव्हर्स घेणं शिकायला एक सकाळ पुरते, पण ती द्यावी लागते. हात स्टिअरिंगच्या तळाशी, सहाच्या काट्यावर ठेवा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात सरकवा. अगदी हळू आणि थोडं थोडं. कोन फार झाला की तिथेच थांबा, पुढे येऊन सरळ करा, पुन्हा सुरू करा. छोटा ट्रेलर मोठ्या कॅराव्हॅनपेक्षा पटकन वळतो, म्हणून तो जास्त अवघड जातो. कॅम्पर घडी केलेला असताना बुटका असतो, मागच्या काचेतून दिसतही नाही. मागे कोणीतरी उभं राहायलाच हवं. ‘डावीकडे’ म्हणजे चालवणाऱ्याची डावी बाजू, हे आधी ठरवून घ्या. सांगणारी व्यक्ती आरशात दिसेनाशी झाली की गाडी तिथेच थांबली पाहिजे, हा नियम मुलं आसपास असताना कधीही मोडू नका. गाडी चालवणाऱ्या दोघांनीही रिव्हर्स शिकावं. एकाला ताप आला म्हणून कुटुंब अडकून पडायला नको.

ट्रेलर नवा आणि कॅनव्हासचा असेल तर अंगणात उभा करून होजने चिंब भिजवा आणि पूर्ण वाळू द्या. असं दोन-तीनदा करा. शिवणीतला सुती धागा फुगून सुईची भोकं बंद होतात. हे न करता पावसात गेलात तर शिवणीतून पाणी गळतं आणि लोक तंबूला दोष देतात.

टप्प्याटप्प्याने दूर जा

पहिली खेप घरापासून दोन तासांवर, वीज-पाणी असलेल्या कॅराव्हॅन पार्कमध्ये. दुसरी एखाद्या खडीच्या रस्त्यावर. मेलबर्नकरांनी मिल्ड्युराहून सुमारे ११० किलोमीटरवरच्या मंगो राष्ट्रीय उद्यानात जावं. माणसाची चाळीस हजार वर्षांपूर्वीची वस्ती जिथे सापडली ते कोरडं सरोवर, आणि कच्च्या रस्त्याची पहिली ओळख. तिसरी खेप फ्लिंडर्स पर्वतराजीत. चौथ्या वेळी ऊडनाडाटा ट्रॅक.

हा रस्ता मी नवख्यांना सुचवतो, कारण तो खरोखर दूरचा आहे आणि तरी पोटापुरती सोय राखून आहे. मारीपासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटर, फोर-व्हील ड्राइव्ह मोटारीला कोरड्या हवेत जमेल असा कच्चा रस्ता. डिझेल मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला इथे मिळतं, म्हणजे सर्वांत लांब टप्पा दोनशे किलोमीटरच्या आसपास. ट्रेलर मागे असला की आमची गाडी दीडपट डिझेल पिते. समोरून वारा असला तर आणखी. आपल्या गाडीचा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेतच मोजून ठेवा.

सिम्प्सन वाळवंटात मात्र ट्रेलर नेऊ नका. हजारांहून जास्त वाळूचे उभे डोंगर ओलांडताना ट्रेलर अडकतो, वाट खणून काढतो आणि मागच्यांचा रस्ता बिघडवतो.

मे ते सप्टेंबर हा काळ धरा. ऊडनाडाटात २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. उन्हाळ्यात तिथे कुटुंब घेऊन जाण्यात शहाणपण नाही. उलट जुलैच्या रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा गोधड्या न्या. आमच्याकडे आईने शिवलेल्या दोन आहेत आणि त्या महागड्या स्लीपिंग बॅगपेक्षा बऱ्या ठरल्या.

हवा, वेग आणि लाटांचा रस्ता

कच्च्या रस्त्यावर चाकांनी पत्र्याच्या नालीदार छपरासारख्या लाटा पाडलेल्या असतात. तिथे त्यांना कॉरुगेशन म्हणतात. ट्रेलरचे स्क्रू, नट, गॅसचे सांधे, फ्रिजचे बोल्ट या लाटा सोडवतात. उपाय दोन, टायरमधली हवा कमी करणं आणि वेग कमी करणं. आम्ही डांबरीवर ३६–३८ पीएसआय ठेवतो, खडी-लाटांवर २६–२८ आणि मऊ वाळूत १८. हवा कमी केल्यावर टायर तापतो, म्हणून वेग उतरवायलाच हवा. खडीवर सत्तर, वाळूत चाळीसच्या आत. ट्रेलरच्या टायरचीही हवा काढायची असते, हे पुष्कळजण विसरतात. डांबर लागलं की आधी हवा भरा, मग वेग वाढवा. त्यासाठी कॉम्प्रेसर, हवा मोजायचं यंत्र आणि टायर बुजवायचं साहित्य हाताशी ठेवा. ट्रेलरची चाकं गाडीच्याच मापाची आणि त्याच बोल्टांची असतील तर स्पेअर दोघांना चालतं. ट्रेलर विकत घेतानाच हे पाहा.

दर शंभर किलोमीटरला थांबा आणि ट्रेलरच्या प्रत्येक हबला, म्हणजे चाकाच्या मध्यभागाला, हात लावा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग जायला आलंय किंवा ब्रेक चिकटतोय. लिंडहर्स्टच्या अलीकडे आमचा डावा हब असाच तापलेला सापडला. जादा बेअरिंग, सील आणि ग्रीस बरोबर होतं म्हणून तीन तासांत सुटलो. चाक निसटलं असतं तर आसाचं टोकही गेलं असतं. चाकांचे नट पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, चाक काढून बसवलं तर पुन्हा तसंच.

समोरून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) आली तर वेग कमी करून बाजूला घ्या, थांबलात तरी चालेल. तिची लांबी ५३.५ मीटरपर्यंत असते आणि मागच्या धुळीत पुढचं काहीच दिसत नाही. ओव्हरटेक करण्याआधी यूएचएफ रेडिओच्या चॅनेल ४० वर चालकाशी बोला. ते लोक बहुधा स्वतःच सांगतात, कधी या म्हणून. कॅराव्हॅनवाले चॅनेल १८ वर असतात, आणि ५ व ३५ हे संकटासाठी राखीव आहेत.

सूर्य कलला की मुक्कामाला लागा. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू, एमू आणि कुंपण नसलेल्या स्टेशनांची, म्हणजे अवाढव्य पशुपालन-मळ्यांची, गुरं रस्त्यावर असतात. ट्रेलर मागे असताना अचानक वळवणं म्हणजे गाडी आडवी होणं. मेलेल्या जनावरावर बसलेला गरुड जड अंगाने हळू उडतो, त्याला वेळ द्या.

पाऊस पडला तर थांबा. थोड्याशा पावसाने ही माती साबणासारखी होते आणि रस्ते बंद होतात. सरकार आउटबॅकच्या रस्त्यांची स्थिती जाहीर करतं, रोज सकाळी ती पाहायची. बंद रस्त्यावर गेलात तर मोठा दंड आहेच, शिवाय तुमच्या चाकांनी पडलेले चर तिथल्या लोकांना कित्येक आठवडे सोसावे लागतात. सुट्टीत दोन दिवस जास्तीचे ठेवा.

पाणी, खाणं आणि याम्बाचा नाका

माणशी दिवसाला दहा लिटर पाणी धरा आणि सगळं एकाच टाकीत ठेवू नका. टाकीला खालून दगड लागतो, म्हणून वीस लिटरचे दोन कॅन वेगळे असू द्या. वाटेतल्या बोअरचं पाणी पुष्कळदा खारं असतं.

व्हिक्टोरिया किंवा न्यू साउथ वेल्समधून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळं नेता येत नाहीत, फळमाशीमुळे. टोमॅटो, मिरच्या आणि ढोबळी मिरची त्यातच धरतात. स्टर्ट हायवेवर रेनमार्कजवळ याम्बाच्या नाक्यावर गाडी तपासतात आणि दंड होतो. ताजं सामान सीमा ओलांडून पोर्ट ऑगस्टात भरा. पुढे मोठं दुकान नाही.

प्रेशर कुकर न्याच. गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं, आणि वाऱ्यात उघड्या भांड्यातला भात शिजत नाही. आमच्या डब्यात थालिपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, मेतकूट, पोहे आणि सुकी लसणाची चटणी असते. दिवसभर धूळ खाऊन आल्यावर कुळथाचं पिठलं पंधरा मिनिटांत होतं. भांडी आधी कागदाने पुसा, मग थोड्या पाण्यात धुवा. शेकोटीला बंदी असलेले दिवस असतात, आणि उद्यानांत लाकूड गोळा करायला मनाई असते. गॅसवर भागेल एवढी तयारी ठेवा.

अडकलात तर

मोबाइल विसरा. ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत मदतीचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र, घ्या आणि तो ऑस्ट्रेलियन सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदवा. नोंदणी फुकट असते. सॅटेलाइट मेसेंजर असेल तर उत्तम. कुठे जाणार आणि कधी पोचणार हे शहरातल्या एका माणसाला लिहून द्या, आणि पोचलात की कळवा. गंभीर आजारात मदतीला येणारी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सेवा १९२८ साली क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरीत सुरू झाली. ती आजही या भागाचा दवाखाना आहे.

वाळूत रुतलात तर चाकं फिरवत बसू नका. हवा आणखी काढा, चाकांपुढची वाळू फावड्याने ओढा, चाकांखाली ट्रॅक्शन बोर्ड (पकड देणाऱ्या फळ्या) लावा, आणि गरज पडली तर ट्रेलर सोडवा. ओढून काढताना पट्टा टो बॉलला कधीच अडकवू नका. बॉल तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं मेली आहेत.

आणि गाडी सोडून चालत निघू नका. १९९८ च्या डिसेंबरात आयर सरोवराकाठच्या हॅलिगन बे इथे एका परदेशी जोडप्याची गाडी वाळूत रुतली. तरुणी मदत आणायला विल्यम क्रीककडे पायी निघाली आणि वाटेतच गेली. मुलांनाही हे सांगून ठेवा. सावली, पाणी आणि शोधणाऱ्यांना दिसेल अशी वस्तू, तिन्ही गाडीपाशीच असतात.

मुक्काम

मारीच्या अलीकडे फरिना या ओसाड गावाजवळ छान तळ आहे. मारीत पोचलात की खजुरांकडे पाहा. एकोणिसाव्या शतकात इथली मालवाहतूक ज्यांनी उंटांवरून केली, त्यांना सरसकट अफगाण म्हटलं गेलं. त्यांतले पुष्कळजण तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातले, बलुचिस्तान, सिंध आणि पंजाबकडचे होते. आपण गाडीला एसी लावून जातो त्या वाटेवर ही माणसं पायी चालली.

कॉवर्ड स्प्रिंग्जला दोन रात्री राहा. ट्रेलर तिथेच उभा ठेवून मोकळ्या गाडीने बबलर आणि ब्लांश कप हे झरे पाहून या. जमिनीखालच्या महाकाय आर्टेशियन खोऱ्याचं पाणी वाळवंटात बुडबुडत वर येतं. एका ठिकाणी तळ ठोकायचा आणि अवघड वाटांवर ट्रेलरशिवाय जायचं, ही पद्धत मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो. काटी थांडा म्हणजेच लेक आयर हे अराबाना लोकांचं पवित्र स्थान आहे. सरोवराच्या मिठावर गाडी नेऊ नका, काठावरून पाहा.

जागा निवडताना कोरड्या नदीच्या पात्रात थांबू नका आणि मोठ्या गम (निलगिरीच्या जातीच्या) झाडाखालीही नको, त्याच्या फांद्या न सांगता पडतात. गुरांच्या पाणवठ्यापासून लांब राहा, माणसं दिसली की गुरं पाण्यावर येत नाहीत. फाटक उघडं सापडलं तर उघडं, बंद सापडलं तर बंद ठेवा. शौचासाठी पाण्यापासून शंभर मीटरवर वीतभर खड्डा खणा, कागद परत आणा.

घरी आलात की ट्रेलर खालून धुवा, बेअरिंग उघडून पुन्हा ग्रीस भरा, गॅसचे सांधे साबणाच्या फेसाने तपासा. आणि शेवटच्या सकाळी दवात तंबू घडी केला असेल, तर कितीही दमला असाल तरी त्याच दिवशी अंगणात उघडा. ओल्या कॅनव्हासवर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि तिचे काळे डाग जात नाहीत.